पोपटी कोट

राष्ट्रीय नाट्यगृहाच्या तळघरात कपडेपट होता आणि त्या कपडेपटात तिची एकोणचाळीस वर्षं गेली. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळे तिला टाचणीताई म्हणत. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात कायम तीनचार टाचण्या धरलेल्या, आणि त्या तशाच ठेवून ती उजव्या कोपऱ्यातून बोलायची. नवीन नटांना पहिले काही दिवस तिचं एक अक्षर कळत नसे. जुने म्हणत, सवय होते, आणि एकदा सवय झाली की टाचण्या नसतानाच ताईचं बोलणं परकं वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली. तेव्हा कपडेपटाचे प्रमुख होते मास्तर. सुईसारखेच बारीक, आणि सुईसारखेच टोचणारे. त्यांनी तिला पहिला महिनाभर दुसरं काहीच करू दिलं नाही, नुसती काजं करायला लावली. रोज साठ काजं, तीही टाकाऊ कापडावर. महिन्याच्या शेवटी ती रडकुंडीला आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "काज म्हणजे कोटाचा डोळा, पोरी. डोळा तिरळा झाला की सगळा चेहरा वाकडा." मग त्यांनी तिच्या हातात पहिल्यांदा खरा कोट दिला. त्या संध्याकाळी ती घरी उडतच गेली असं तिची आई पुढे सांगायची.

खोली लांबलचक होती, बरोबर रंगमंचाच्या खाली. डोक्यावरून पाण्याचे नळ गेलेले, भिंतीला लोखंडी दांडे, त्यांवर चार हजारांच्या वर पोशाख. सैनिक, भटजी, न्यायाधीश, नववधू, भिकारी सगळे एकमेकांना खेटून लटकत होते. डांबराच्या गोळ्यांचा, वाफेच्या इस्त्रीचा आणि जुन्या घामाचा असा एक मिळून वास होता, बाहेरच्याला नकोसा वाटणारा आणि आतल्याला घरचा वाटणारा. खिडकी एकच, छताला लागून, आणि ती उघडायची फुटपाथवर. त्यातून दिसायचे फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय. कोण कामावर आलं हे कपडेपटाला बुटांवरून कळायचं. आणि वर तालीम चालू असली की छतावरच्या पावलांवरून कुठला प्रवेश चाललाय हे ताई मान वर न करता सांगायची.

मास्तरांनी तिला एक गोष्ट फार लवकर शिकवली. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. "दुकानातला शिंपी दोन बोटं माया ठेवतो, आपण चार ठेवायची," मास्तर म्हणायचे. "नट यशानं सुटतो आणि अपयशानं वाळतो. कोट मात्र तोच राहिला पाहिजे." एकेक पोशाख पाच-पाच, सात-सात जणांच्या अंगावरून गेलेला असायचा.

नाट्यगृहाचे संचालक होते सर. उंच, किंचित पोक आलेले, चष्मा कपाळावर ठेवून तोच सगळीकडे शोधणारे. नाटकं ते बसवायचे, भांडणं ते मिटवायचे, आणि रोज दुपारी चारला खाली कपडेपटात चहाला यायचे. वरच्या कँटीनचा चहा म्हणजे ताटल्या धुतल्याचं पाणी, असं त्यांचं मत होतं. इस्त्रीच्या टेबलाच्या कडेवर बसायचे आणि पाय हलवत हलवत नव्या नाटकाबद्दल बोलायचे. हे बोलणं मास्तरांशी चालायचं, ताई ऐकायची. मास्तर गेले आणि ती प्रमुख झाली, तेव्हापासून ते तिच्याशी बोलायला लागले. पहिल्या दिवशी तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की तिने एकाच काजाला दोनदा टाके घातले.

नाट्यगृहाचं सगळ्यात लाडकं नाटक होतं बहिऱ्या राजाचं. जुनी प्रहसनाच्या वळणाची कथा. राजाला ऐकू येत नाही, पण तसं त्याला सांगायची कोणाची छाती नाही. तो जे चुकीचं ऐकतो तोच कायदा होतो. दारात प्रजा जमते, ओरडते, "धान्य! धान्य!" राजा कानाला हात लावून म्हणतो, "काय म्हणतात? मान्य? वा, मग प्रश्नच मिटला!" या वाक्याला बावीस वर्षं लोक हसत होते. दर हिवाळ्यात वीस प्रयोग व्हायचे. आजोबांनी नातवंडांना आणावं आणि नातवंडांच्या आधी स्वतः हसावं, असं ते नाटक.

राजाचं काम करणारा नट धिप्पाड होता. नाट्यगृहात त्याला एरवीही महाराज म्हणत. त्याचा राजाचा कोट मास्तरांनी बेतला होता. राखाडी लोकरीचा, बंद गळ्याचा, उंच कॉलरचा, पुढे चार मोठी बटणं आणि छातीवर एक झाकणाचा खिसा. मास्तरांनी तो शिवला तेव्हा पुढे ज्यांना सगळा देश साहेब म्हणायला लागला ते गृहस्थ कोणीच नव्हते. कुठल्याशा तालुक्याला वजनमापं तपासायच्या नोकरीत होते म्हणे.

पण माणसाचं नशीब फिरतं. साहेब वर चढत गेले, चढत चढत देशाचे प्रमुख झाले, आणि तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांनी स्वतःला राष्ट्रीय नाट्यगृहाचाही अध्यक्ष नेमलं. देशाचा कारभार करून बराच वेळ उरत असावा. आधीच्या मंडळात चित्रकार होते, गवई होते, दोन नाटककार होते, एक म्हाताऱ्या नृत्यशिक्षिका होत्या. सगळ्यांना एकाच ओळीचं पत्र गेलं. त्यांच्या जागी साहेबांचे मित्र आले. त्यांतल्या एकाने पहिल्याच बैठकीत विचारलं की विंग म्हणजे नेमकं काय, आणि ती कोणाच्या अखत्यारीत येते. प्रवेशदालनात मोठा जुना आरसा होता, प्रेक्षक त्यात केस नीट करून आत जायचे. तो काढून तिथे साहेबांची तसबीर लागली. तसबिरीत साहेबांच्या अंगात राखाडी कोट होता. बंद गळ्याचा, उंच कॉलरचा. तोच आता त्यांचा बाणा झाला होता.

साहेब स्वतः नाटकाला एकदाच आले आणि दुसऱ्या अंकात झोपले. त्यांच्या वतीने यायचे ते सचिव. सचिवांचे बूट नवे होते आणि पावलागणिक करकर वाजायचे. खिडकीतून ते दिसायच्या आधी ऐकू यायचे. राजा बोले दळ हाले, तशी नाट्यगृहाची गत झाली. नाटकांची यादी आधी सचिवांकडे जायची आणि परत येताना निम्मी व्हायची. सर भांडायचे, वाटाघाटी करायचे, एखादं नाटक देऊन दुसरं वाचवायचे. चारच्या चहाला आता ते गप्प बसायचे. पाय मात्र हलायचे.

आणि मग त्या हिवाळ्यात, बहिऱ्या राजाचे प्रयोग सुरू व्हायला पंधरा दिवस असताना, करकर थेट कपडेपटाच्या जिन्यावरून खाली आली. मागोमाग सर.

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं. दांड्यावरच्या राखाडी कोटापाशी येऊन थांबले.

"हा कोणाचा?"

"राजाचा," ताई म्हणाली.

"कुठल्या राजाचा?"

"बहिऱ्या."

सचिवांनी तो शब्द गिळला. "हा सरळसरळ साहेबांचा कोट आहे. कोट बघून कोट शिवलाय तुम्ही."

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती. "अहो, बावीस वर्षं झाली याला. ज्यांनी शिवला ते मास्तर वारलेसुद्धा. कोणी कोणाचा बघून शिवला असेल, तर साहेबांनीच आमचा."

सरांना एकदम खोकला आला. तो बराच वेळ चालला.

"बदला," सचिव म्हणाले. "रंग बदला. प्रयोगाच्या आत."

"कुठला घेऊ?" ताईने सरळ विचारलं. "काळा?"

"काळा नको. साहेब शोकसभांना काळा घालतात."

"मग निळा?"

"निळा परदेश दौऱ्यांना घालतात."

"तपकिरी?"

"शिकारीचा."

"पांढरा तर पक्षाचाच झाला," सर मागून नम्रपणे म्हणाले.

"आणि लाल त्या दुसऱ्यांचा," सचिव घाईने म्हणाले. "लाल तर मुळीच नको."

"मग राहिलं काय?" ताई म्हणाली. "गुलाबी, पिवळा नाहीतर पोपटी."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला राखाडी दिसता कामा नये, बस." आणि करकर वर निघून गेली.

सर जिन्यापाशी घुटमळले. काहीतरी बोलणार होते, पण "बघ आता, ताई" एवढंच म्हणाले आणि गेले.

आता यातली एक गोष्ट ताईने पुढे बरीच वर्षं कोणालाही सांगितली नाही. कापडाच्या फडताळात सगळ्यात खालच्या खणात एक तागा होता. मातकट रंगाचा, धड तपकिरी नाही, धड पिवळा नाही, चिखल वाळल्यासारखा. कोणाच्या डोळ्यात भरला नसता, कोणाला टोचला नसता. राजाचा कोट त्यातून सहज झाला असता आणि कोणालाच काही झालं नसतं. ताईने तो खण उघडला. ताग्यावरून हात फिरवला. आणि खण बंद करून वरच्या फळीवरचा पोपटी काढला.

का काढला? तिचं तिलाच धड सांगता येत नसे. आरशाच्या जागी लागलेली ती तसबीर रोज येताजाता बघावी लागे म्हणून असेल. सरांचं चहाला गप्प बसणं बघवत नव्हतं म्हणून असेल. किंवा नुसतीच अंगातली खोड. मास्तरांच्या हातचा खाकी कागदाचा नमुना तिने काढला आणि तोच, रेघेला रेघ, पोपटी कापडावर ठेवला. हुकूम रंगाचा होता. बेताबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. तोच बंद गळा, तीच कॉलर, तीच चार बटणं, तोच झाकणाचा खिसा.

महाराज अंगात घालून आरशासमोर उभे राहिले, वळून पाहिलं, पोट आत घेऊन पाहिलं.

"ताई, मी भोपळी मिरचीला मिशा फुटल्यासारखा दिसतोय."

"हलू नका, टोचेल."

"मला काहीतरी टोचणार आहे हे नक्की," महाराज म्हणाले. पण कोट उतरवताना त्यांनी तो नेहमीपेक्षा जपून उतरवला.

पहिल्या प्रयोगाला ताई विंगेत उभी होती. पडदा गेला, दरबार दिसला, भालदाराने ललकारी दिली आणि महाराज आले. पोपटी.

प्रेक्षागृहात आधी काहीच झालं नाही. बावीस वर्षं लोकांनी तो कोट राखाडी पाहिला होता. एक क्षण गेला, दोन गेले. मग वरच्या सज्ज्यातून कोणी बाई फिसकन हसली. दाबलेलं, नाकातून सुटलेलं हसू. आणि मग ते पसरलं. कोणाला सांगावं लागलं नाही. कोट हिरवा का झाला हे प्रत्येकाला आपापलं कळलं, आणि शेजाऱ्यालाही कळलंय हे कळलं, आणि मग आवरेना. माणसं खुर्चीच्या पाठी बडवत होती. एक म्हातारा रुमालाने डोळे पुसत होता. महाराज कसलेले नट. ते हलले नाहीत. नुसते उभे राहिले. हसू जरा ओसरतंय असं दिसल्यावर त्यांनी सावकाश हात कानाला लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "कोण हसलं? आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही."

मग तर कहर झाला.

पहिल्या रांगेत सचिव बसले होते, दगडासारखे. शेजारी त्यांची बायको होती. तिने आधी पर्स तोंडाशी धरली, मग पदर घ्यावा तशी शाल धरली, आणि शेवटी बिचारीने सगळं सोडून दिलं आणि मोकळेपणी हसली. धान्य आणि मान्यचा प्रवेश आला तेव्हा मात्र लोक हसले नाहीत. ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. इतका वेळ की प्रजेचं काम करणारे नट गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. ताईने विंगेच्या दोराला धरून ठेवलं होतं. आयुष्यात असलं काही तिने ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायला मिळालंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना तालमीच्या खोलीत उभं केलं. नट, वादक, सुतार, दिवेवाले, रंगवाले, कपडेपट. ताई हातातलं काम टाकून आली होती, टाचण्या तोंडातच होत्या. सचिवांनी एकच प्रश्न विचारला.

"पोपटी कोणी निवडला?"

कोणी हललं नाही. ताईच्या घरी सातवीतली मुलगी होती. नवरा टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचा. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. तिने ओठ हलवले. आणि तेवढ्यात सर म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"मी निवडला. संचालक मी आहे. कोटाचा रंग दुसरं कोण निवडणार?"

सचिवांनी वहीत लिहून घेतलं. सरांनी कोणाकडेही पाहिलं नाही. ताईकडे तर मुळीच नाही. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही, असं ती पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत राहिली. पण टाचण्या थुंकायला कितीसा वेळ लागतो?

दुपारी चारला सर खाली आले. नेहमीसारखे टेबलाच्या कडेवर बसले, चहा घेतला. "आज छान झालाय," म्हणाले. कप स्वतः विसळून पालथा घातला आणि गेले. थोड्या वेळाने खिडकीतून त्यांचे बूट गेले, डाव्या टाचेला झिजलेले. हातात काही सामान असावं, चाल एका बाजूला कलली होती.

नाटक बंद झालं. दोन्ही कोट कुलपात गेले.

मग जी वर्षं आली त्यांबद्दल ताई फारसं बोलत नाही. नवे संचालक आले, गेले, आणखी आले. नाट्यगृहात वर्षातून एकदा साहेबांच्या वाढदिवसाचा सोहळा व्हायचा, आणि उरलेलं वर्ष त्याच्या तयारीत जायचं. एका वर्षी तिने तीनशे मुलांना गव्हाच्या ओंब्या करून रंगमंचावर पाठवलं. महाराजांना साहेबांच्या वडिलांचं काम दिलं होतं. दर वर्षी ते रंगमंचावर मरायचे आणि मरताना मुलाला देश सांभाळायला सांगायचे. "तीन वेळा मेलो, ताई," ते एकदा माप देताना म्हणाले, "पण पोरगं काही ऐकेना." ती हसली, पण आधी तिने दाराकडे पाहिलं.

ती नोकरी सोडून गेली नाही. कुठे जाणार? आणि खरं सांगायचं तर त्या चार हजार पोशाखांना टाकून जाववलं नसतं. दर उन्हाळ्यात ती एकेक काढून झटकायची, कसर बघायची, उसवलेलं टाचायची. घालणारं कोणी नव्हतं, तरी.

सरांचा पत्ता तिला चौथ्या वर्षी मिळाला, तोही नवऱ्यामुळे. एका संध्याकाळी तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "अगं, तुझ्या सरांचं टपाल कुठे वळवतात ते आज कळलं. एक मासिक होतं. जुन्या पत्त्यावर आलेलं, वर नवी चिठ्ठी."

"कुठे?"

त्याने गाव सांगितलं. बसने सहा तास. "मी सांगितलं असं मात्र कुठे बोलू नकोस," तो म्हणाला. "आमच्याकडे याला नियम आहेत." मग बूट कोपऱ्यात सारत म्हणाला, "रविवारी मुलीचं मी बघतो."

सर त्या गावात मेव्हण्याच्या दुकानात वह्या बांधायचं काम करत होते. पुढे शाळेच्या वह्या, पाट्या, शाईच्या बाटल्या, आणि मागे एक छोटी खोली. ताई दारात उभी राहिली तेव्हा ते खिडकीपाशी बसून जाड दोऱ्याने एक वही शिवत होते. चष्मा कपाळावर.

"सर."

त्यांनी वर पाहिलं. क्षणभर ओळखलं नाही, कारण तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. मग एकदम उठले आणि मांडीवरच्या सगळ्या वह्या खाली पडल्या.

चहा झाला. मुलीची चौकशी झाली, महाराजांची झाली. तीन वेळा मेल्याचं ऐकून सर इतके हसले की मेव्हणा पुढून डोकावला. सर पुन्हा वही शिवायला बसले. ताईने थोडा वेळ पाहिलं आणि मग राहवलं नाही.

"द्या इकडे. हे काय टाके आहेत? वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे."

त्यांनी निमूट वही दिली. हातात सुई आली तशी तिला बोलायची हिंमत आली. मान खाली घालून, टाके घालत घालत ती म्हणाली, "सर, पोपटी मी निवडला होता."

"हो."

"तसं नाही. म्हणजे... दुसरं कापड होतं. मातकट. खालच्या खणात. मी बघितलं होतं ते. आणि मुद्दाम नाही घेतलं."

"मला माहीत आहे."

ताईचा हात थांबला.

"तो तागा मीच मागवला होता," सर म्हणाले. "मागणीपत्रावर सही माझीच. त्या दिवशी सचिव रंगांची यादी सांगत होते तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात तोच आला. म्हटलं, आता ताई तो काढेल आणि आपण सुटू. जिन्यापाशी थांबलो होतो आठवतं? तेच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

सरांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. "कारण मलाही पोपटीच बघायचा होता."

वहीवर टिपूस पडलं, ते तिने बोटाने पुसलं.

"वेडे, यात रडायचं काय? पंचवीस वर्षं नाटकं बसवली मी. लोक हसले, रडले. पण ते हसू! एवढी माणसं एकदम शहाणी झालेली मी तेवढी एकदाच पाहिली. त्यापायी एक नोकरी गेली. बरं, गेली."

"जायला माझी हवी होती."

"तुझी गेली असती तर कपडेपट कोणी सांभाळला असता? संचालक काय, हल्ली कोणालाही करतात." आणि मग आवाज बदलून त्यांनी विचारलं, "कसर लागली का गं कशाला?"

त्यानंतर तासभर दोघं पोशाखांबद्दलच बोलत होते. न्यायाधीशाचा झगा कसा आहे, नववधूच्या पोशाखाची जाळी टिकली का, सैनिकांचे पट्टे कोणी चोरले. निघायच्या आधी तिने सत्तावीस वह्या शिवून दिल्या. परतीच्या बसमध्ये तिला गाढ झोप लागली, सहाही तास. शेजारच्या बाईने उतरताना हलवून उठवलं.

ती आणखी तीनदा जाऊन आली. पुढच्या वेळी जायच्या आधी मेव्हण्याचं पत्र आलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं.

साहेब गेले ते त्यानंतर तीन वर्षांनी. निवडणूक हरले, काही दिवस हरलो नाही म्हणाले, मग हरले. तसबीर उतरवायला चार माणसं लागली. नवं मंडळ आलं. त्यात एक चित्रकार होता, दोन गवई होते आणि नव्या मंत्र्यांचा एक भाचा होता. भाचा स्वभावाने बरा होता, त्याला नाटकाची आवडही होती. तरी नव्या संचालिकेने, त्या तिशीतल्या मुलीने, ताईला विचारलं, "हे असंच चालायचं का हो?"

"साहेब गेले, सवय राहिली," ताई म्हणाली. "तुम्ही भाच्याला खाली पाठवा. मी त्याला काजं करायला बसवते."

भाचा खरंच आला. आठ दिवस बसला. दहाव्या काजाला त्याचं बोट टोचलं, पण पळाला नाही. हे ताई कौतुकाने सांगते.

ती निवृत्त झाली तेव्हा महाराजांनी भाषण केलं. भाषणाच्या मध्येच विसरले आणि बहिऱ्या राजासारखा कानाला हात लावून उभे राहिले. कोणीतरी त्यांना शब्द सुचवला.

आता ताई मुलीकडे राहते. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मागच्या महिन्यात नाट्यगृहाचा इतिहास लिहिणारी एक मुलगी तिच्याकडे आली होती, वही आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन. तिला कोटाची गोष्ट हवी होती. ताईने ती सांगितली, मातकट ताग्यासकट, काही न लपवता, आणि सरांचं नाव नीट लिहून घ्यायला लावलं. मुलगी खूश झाली. वही मिटताना तिने सहज विचारलं, "आणि तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं, आजी?"

ताई म्हणाली, "एकदा वीज गेली होती. पार पूर्वी, मास्तर होते तेव्हा. वर तालमीत काळोख झाला. खाली आमच्याकडे त्या खिडकीतून थोडा उजेड यायचा, म्हणून सगळी मंडळी खाली आली. नट, वादक, सगळे. बसायला जागा नाही. कोणी पेटाऱ्यावर, कोणी कपड्यांच्या ढिगावर. तालीम तिथेच सुरू झाली, हळू आवाजात. मास्तर मध्येच म्हणाले, जरा सरका, माझा उजेड अडतोय. राणीचं काम करणारी बाई संवाद म्हणता म्हणता सरकली. मी बटण लावत होते. तास दीड तास असेल. मग वीज आली आणि सगळे वर गेले."

मुलगी पेन्सिल धरून थांबली होती. "मग?"

"मग काही नाही," ताई म्हणाली. "चहा घेतेस का?"